मागचा दांडा

पुण्याहून पार्सल आलं तेव्हा बाबांना वाटलं
पडद्याचा रॉड आहे.
सुतळी सोडली तर लाल रंगाचं लोखंड,
शिंगांसारखं दोन्ही टोकांना वळलेलं.
"हे गाडीले लावनार? कायले?
पंचवीस वर्षं कलून राह्यली ते, कलू दे नं."

एस्टीम. नव्व्याण्णवचं मॉडेल, रंग कधीकाळी हिरवा.
वळणावर ती अशी झुकते
जशी लग्नात कानाशी लागणारी मावशी,
आणि बाबा खिडकीवरचं हँडल धरतात.
बोलत काही नाहीत. नुसतं धरतात.
त्या हँडलचा स्क्रू मी दोनदा बदललाय.

मेचा दुसरा आठवडा. पहाटे पाचला काम काढलं,
नऊनंतर त्रिमूर्तीनगरात लोखंडाला हात लागत नाही.
जॅक लावला, स्टँड सरकवले.
बाबांनी तरी परसातून स्लीपरचे दोन ठोकळे ओढत आणले.
"असू दे. लागतीन."

पुठ्ठ्यावर पाठ टेकून खाली सरकले.
उमरेड रोडचा काळा चिखल, कोणत्या सालचा देव जाणे,
आणि एक नट, बोल्टशी संसार मांडून बसलेला.
तेल शिंपडलं. थांबले.
पुन्हा शिंपडलं. थांबले.
तिथून बाबांच्या फक्त चपला दिसत होत्या
आणि टॉर्चचा उजेड,
मला हवा त्याच्या वीतभर डावीकडे.

आजवर या गाडीची मागची दोन चाकं
एकमेकांना ओळखत नव्हती.
डावं उचललं तर उजव्याला पत्ता नाही.
आता एक हललं की दांडा पिळवटेल
आणि दुसऱ्याला ओढेल, चल, तूही.
हे मी खालूनच समजावलं.
चपला जरा विचारात पडल्या.
"म्हंजे एकाचा खड्डा दोघाले."
तेही खरंच.

एकोणीस मिलिमीटर. सोळाचाही मिळत होता.
तीनच मिलिमीटर, पण ताठपणा दुप्पट,
वहीत चौथा घात मांडून पाहिला होता मी.
हिंगण्याच्या हेडाऊ मिस्त्रींनी ब्रॅकेट करून दिले
तेव्हा बजावलं होतं,
"ताई, पावसाळ्यात जपून. मागून भांडन हे."

बुशांना ग्रीस. क्लॅम्प. वॉशर.
लिंकच्या नटाला सतराचा पाना लावला
तोच वरून आवाज, "थांब.
हवेत नको आवळू.
आधी खाली घे, वजन येऊ दे तिच्यावर."
हे यांना कुणी शिकवलं?
ज्यांची तीस वर्षं विजेच्या खांबांवर गेली,
गाडीचं बॉनेटही धड उघडता येत नाही ज्यांना?
"तार ओढतानी असंच. ताण आल्यावर शेवटचा आटा."

मग ठोकळे लागलेच.
चाकं त्यांवर उतरवली, मी पुन्हा आत,
नाकाला डिफरन्सच नाही टाकी कुठली आणि मी कुठली,
आणि शेवटचा आटा दिला.

साडेआठला सेमिनरी हिल्स.
टीव्ही टॉवरकडून उतरताना लागतं ते वळण
नेहमी तीसला घ्यायचे, आज पंचेचाळीसला घेतलं.
गाडी झुकली नाही.
म्हणजे झुकली, नमस्कारापुरती.
वळणात बाजूला पाहू नये. पाहिलं.
हँडल मोकळं हलत होतं.
बाबांचे दोन्ही हात मांडीवर
आणि त्यांत घरून चुकून आणलेला सतराचा पाना.

"कसं वाटलं?"
"काही नाही वाटलं."
मग बऱ्याच वेळानं, रस्ता सरळ झाल्यावर,
"तेच तं."

घराजवळच्या गतिरोधकावर
डावीकडून, मागून: ठक्.
दोघांनी ऐकलं.
दोघांनी न ऐकल्यासारखं केलं.
फाटकाशी आल्यावर बाबा उतरले, वाकले,
एक हात गुडघ्यावर, एक हात तापलेल्या डिकीवर,
लगेच उचललेला.
"डावी लिंक. अर्धा आटा.
आता नको. पहाटे."
आणि पाना खिशात घालून आत गेले.